बेसमेंटमधल्या आठ जोड चपला

१२ ऑगस्ट २००१, रविवार, सकाळचे सव्वानऊ. ठिकाण सांगलीचा एसटी स्टँड. रक्कम अडतीस रुपये. हजर: आई, बाबा, मी आणि एक चपलांचा गाडीवाला, ज्याचं नाव मला कधी कळलं नाही.

मुंबईची गाडी लागली होती. बॅगा चढल्या होत्या, मी खिडकीत बसले होते. तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की माझ्या सामानात बूट आहेत, नवे सँडल आहेत, पण घरात घालायच्या रबरी चपला नाहीत. तिने बाबांना पिटाळलं. बाबा गाडीवाल्याशी पंचेचाळीसवरून घासाघीस करायला लागले. कंडक्टरने एकदा घंटी दिली. मी खिडकीतून म्हणत होते, "बाबा, द्या ना तो मागतोय ते," आणि बाबा पाठमोरे उभे राहूनच हाताने मला गप्प बस म्हणत होते. अडतीसला सौदा पटला. निळ्या पट्ट्यांच्या त्या चपला खिडकीतून माझ्या मांडीवर येऊन पडल्या.

"बटणाला हात लावताना पायात घाल," आई म्हणाली.

"अगं, तिकडे एकशे वीसच व्होल्ट असतात," बाबा म्हणाले. "आपल्या निम्मे."

"निम्म्यानंही माणूस मरतो," आई म्हणाली, आणि गाडी सुटली.

मुलगी सातासमुद्रापलीकडे निघाली की आईवडील काय काय सांगतात म्हणे. मला हे सांगितलं गेलं. तेव्हा जरा हिरमुसले होते. आज तक्रार नाही.

आमच्या घरात विजेचे नियम कडक होते. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. इस्त्री करायची तर पाटावर उभं राहून. बाबा फ्यूजची तार बदलायला लागले की तेही पाटावर उभे राहत, आणि आई त्यांच्या मागे लाटणं घेऊन उभी राही. करंट लागलाच तर हातावर मारून सोडवायला. बाबा म्हणत, "मला विजेची भीती नाही, तुझ्या लाटण्याची आहे." सुदैवाने ते कधी वापरावं लागलं नाही. पोळ्यांखेरीज.

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आले तेव्हा पहिलं वर्षभर मी दिवा लावायलासुद्धा त्या चपला घालत होते. इथली बटणं उलटी, वर केली की लागतात. प्लगला वेगळं बटण नाही, भोकात वीज कायम हजर. मग गालिचे आले, नवरा आला, घर आलं, मुलगी झाली. चपला घालून बटण दाबणं कधी सुटलं ते मला सांगता येणार नाही. सवयी अशाच सुटतात, निरोप न घेता. चपला मात्र टाकल्या नव्हत्या. कपाटात खालच्या खणात होत्या, टाचेपाशी झिजून कागदासारख्या झालेल्या.

गेल्या मार्चमध्ये माझ्या लेकीने, इराने, मला एका कामाला जुंपलं. ती अकरावीत आहे आणि शनिवारी लायब्ररीत नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवायला मदत करते. त्या वर्गात सात मुलं फ्रेंच बोलणारी होती, पंधरा-सोळा वर्षांची, बहुतेक काँगोमधली, दोन टोगोमधली. इथल्या व्होकेशनल सेंटरमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स असतो, शाळेतूनच, फुकट. त्याची प्रवेशपरीक्षा मेच्या अखेरीस होती. थोडी लेखी, थोडी हाताने. उत्तरं फ्रेंचमध्ये लिहिली तरी चालणार होती, पण विषय तर यायला हवा.

"मी त्यांना सांगितलं, माय मॉम डझ वायरिंग," इरा म्हणाली.

"मी वायरिंग करत नाही. गाड्यांच्या वायरिंग हार्नेसची ड्रॉइंग्ज तपासते. बावीस वर्षं."

"सेम थिंग, आई."

सेम थिंग नव्हतं, पण त्या सातांत मिरेई होती. लुबुंबाशीची, सोळा वर्षांची. दीड वर्षापूर्वी आई आणि दोन धाकट्या भावांबरोबर आलेली. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, आणि शाळेत फ्रेंच शिकलेल्या इराने तिचं बोलणं माझ्यासाठी इंग्रजीत आणलं, की हा कोर्स केल्यावर तासाला किती मिळतात. मी खरा आकडा सांगितला. तिने तो बोटांवर आठवड्याचा केला, मग महिन्याचा, आणि म्हणाली, "मग आईला हॉटेलच्या लाँड्रीत दोन पाळ्या कराव्या लागणार नाहीत." असा हिशेब करणाऱ्या माणसाला मी नाही म्हणू शकत नाही.

आता फ्रेंचमध्ये वीज शिकवायची तर साहित्य हवं. मला वाटलं होतं, इंटरनेटवर एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे गेले. लायब्ररीत फ्रेंच पुस्तकं होती ती स्वयंपाकाची आणि व्याकरणाची. फ्रान्समधल्या शिक्षकांनी टाकलेले धडे उत्तम होते, पण त्यांतला प्लग गोल, खिळा बाहेर आलेला, आणि न्यूट्रलची वायर निळी. इथे न्यूट्रल पांढरी. परीक्षेत निळी शोधत बसली असती मुलं. कुठेतरी एक छान स्वाध्याय मिळाला: "कल्पना करा, तुमच्या घरी एक दिवस वीज नाही. तुम्ही काय काय करू शकणार नाही?" तो मी उत्साहाने छापून नेला. सातही जण एकमेकांकडे बघून हसायला लागले. एकजण काहीतरी म्हणाला त्यात "देलेस्ताज" असा शब्द होता.

"ते म्हणतायत कल्पना कशाला," इराने सांगितलं. "देलेस्ताज म्हणजे, लाइक, ते एरियाप्रमाणे वीज कट करतात. देअर इज अ शेड्यूल. पण शेड्यूलप्रमाणे होत नाही."

"लोडशेडिंग," मी म्हणाले.

"तुला कसं माहीत?"

शब्द तिला माहीत होता आणि गोष्ट मला. त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला. मी त्यांना सांगितलं की बारावीला मी मेणबत्तीवर फिजिक्स केलंय, आणि वीज आली की आख्खी गल्ली एकदम "आली" म्हणून ओरडायची. मिरेई म्हणाली, त्यांच्याकडेही ओरडतात. मग त्यांनी ओरडून दाखवलं. लायब्ररीची बाई दारात येऊन गेली.

साहित्याचा प्रश्न शेवटी सुटला तो ध्यानीमनी नसताना. ऑफिसात एका सहकाऱ्याच्या टेबलावर कॅनडाहून आणलेल्या बल्बचं खोकं होतं आणि त्यावर सगळं दोनदा लिहिलं होतं, एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. तिकडे कायद्यानेच तसं लिहावं लागतं. शिवाय वायरींचे रंग तिथे इथलेच. कॅनडा माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर आहे. डेट्रॉइटची नदी ओलांडली की विंडसर. इतक्या वर्षांत मी तिकडे गेले होते ती पाहुण्यांना नदीकाठ दाखवायला.

त्या रविवारी मी विंडसरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आठ होल्डर, आठ स्विच, वायर आणि प्रत्येकासोबतचं पत्रक घेऊन आले. परत येताना नाक्यावरच्या अधिकाऱ्याने पिशवीत डोकावून विचारलं, "मॅडम, मिशिगनमध्ये स्विच मिळत नाहीत?"

"मिळतात," मी म्हणाले. "फ्रेंचमध्ये मिळत नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, जन्मस्थान मिरज वाचलं, आणि जाऊ दिलं.

लायब्ररीत प्लगला काही जोडायची परवानगी नव्हती, म्हणून वर्ग आमच्या बेसमेंटमध्ये आला. शनिवारी दुपारी मी आणि इरा दोन गाड्यांनी मुलांना आणायचो आणि सोडायचो. पहिल्या दिवशी दारातला चपलांचा रॅक बघून सातही जणांनी न सांगता बूट काढले. मला फार बरं वाटलं. वळण लावलेली मुलं, असं मी नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "तुझं वळण बघून घाबरली असतील."

पहिल्याच धड्यात मी फळ्यावर सर्किट काढलं आणि काळ्या वायरपुढे न्यूट्रल लिहिलं. सांगलीत काळी म्हणजे निरुपद्रवी, गाड्यांतही काळी म्हणजे ग्राउंड. हाताने आपोआप लिहिलं ते. मिरेई विंडसरच्या पत्रकावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणाली, "मादाम, काळी म्हणजे फेज." इराने ते भाषांतर करायच्या आतच मला कळलं होतं. इथे काळीच जिवंत. मी पुसलं, आणि त्या दिवसापासून आमचा पहिला नियम ठरला: रंग देशादेशाचे वेगळे, म्हणून आधी टेस्टर, मग हात. हा नियम त्यांनी सुरात म्हणायला सुरुवात केली. टोगोचा कोफी तर टेबलावर ताल धरायचा.

एप्रिल असाच गेला. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, छोटे दिवे, एकामागे एक जोडलेले, शेजारी शेजारी जोडलेले. मिरेईचे हात नीटनेटके होते. वायरचं आवरण ती एवढंच सोलायची जेवढं हवं, तांब्याला ओरखडा नाही. परीक्षा अडीच आठवड्यांवर आली तेव्हा मला खात्री होती की बाकीच्यांचं काहीही होवो, ही जाणार.

त्या शनिवारी तिची आई आली. मादाम क्लेमांतीन. एरवी त्या वेळी ती कामावर असते, त्या दिवशी पाळी लवकर सुटली म्हणून मुलीला न्यायला ती स्वतःच आली. नवऱ्याने दार उघडलं, तिला बेसमेंटचा जिना दाखवला. आम्ही सगळे खाली. ती शेवटच्या पायरीवर थांबली आणि बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय. मग मी तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. ती खाली होती. सिमेंटची गार जमीन, कोपऱ्यात ओल काढणारं यंत्र घरघरतंय, आणि त्या जमिनीवर सात मुलांचे पाय, मोज्यांतले. मिरेईने तर मोजेही काढून ठेवले होते. हातात वायर.

ती फार मोठ्याने बोलली नाही. तीन-चार वाक्यं. इराचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या?"

"नथिंग."

"इरा."

"त्यांनी विचारलं, तुमची मुलगीपण अशीच उभी राहते का. बेअरफूट."

मी इराच्या पायांकडे पाहिलं. तीही अनवाणी होती.

मिरेईने हातातली वायर टेबलावर ठेवली, मोजे घातले आणि आईमागून जिना चढून गेली. जाताना ती कोणाकडेच बघत नव्हती. संध्याकाळी तिचा इराला मेसेज आला. आई कोर्सलाच नको म्हणतेय. आईच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

मी मला येतं ते केलं. एक स्वच्छ आकृती काढली. नऊ व्होल्ट, कोरड्या त्वचेचा रोध, त्यातून वाहील तो मिलिअँपिअरमधला प्रवाह, आणि शरीराला धोका कितीला सुरू होतो तो आकडा. इराकडून फ्रेंच करून घेतलं आणि पाठवलं. उत्तर आलं नाही. बुधवारपर्यंत आलं नाही.

आईला मी दर बुधवारी फोन करते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. ती सांगलीत माझ्या भावाकडे असते, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि कानाने अजून तिखट आहे. मी तिला सगळं सांगितलं. मला सहानुभूती हवी होती.

"अनवाणी?" ती म्हणाली. "तळघरात?"

"आई, नऊ व्होल्टची बॅटरी आहे. जिभेला लावली तरी काही होत नाही."

"आकडे कोण विचारतंय? तिला पाय दिसले."

"बूट बाहेर काढायचे हे तूच शिकवलंस."

"आणि बटणाला हात लावताना पायात घाल, हे कोणी शिकवलं? एक लक्षात ठेवलंस, एक विसरलीस. बरोब्बर गैरसोयीचं विसरलीस." मग म्हणाली, "आपल्याकडे बाथरूमच्या चपला वेगळ्या नव्हत्या का? तशा ठेव ना विजेच्या वेगळ्या. इंजिनियर आहेस एवढी."

फोन ठेवल्यावर मी कपाटाचा खालचा खण उघडला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. उन्हाळ्याचा माल नुकताच लागला होता. आठ जोड घेतले, सात मुलांचे आणि एक इराचा, दोन डॉलर नव्व्याण्णव सेंट जोड. कोफीचा तेरा नंबर शोधायला वेळ लागला. इरा म्हणाली, "लोकांना वाटेल आपल्याकडे पूल आहे." शनिवारी सकाळी एक नवा जोड आणि माझा सांगलीचा जोड पिशवीत घालून आम्ही मिरेईच्या घरी गेलो.

दारात मी बूट काढले. तिच्याकडेही रॅक होता. मादाम क्लेमांतीनने आम्हाला बसायला सांगितलं, पण चेहरा बंद होता. मिरेई स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी आकृती वगैरे काही काढलं नाही. जुन्या चपला टेबलावर ठेवल्या, आणि बस, खिडकी, आई काय म्हणाली, बाबा काय म्हणाले, ते जसं घडलं तसं सांगितलं. इरा वाक्यावाक्याला थांबून फ्रेंच करत होती. हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. "निम्म्यानंही माणूस मरतो" याला मादाम क्लेमांतीनने मान हलवली, बाबांना हरवणाऱ्या आईच्या बाजूने. मग ती बोलायला लागली. तिच्या आईने फ्रिजपुढे टायरचा एक तुकडा टाकून ठेवला होता. त्यावर उभं राहिल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही. पाहुणा असला तरी. पाद्री असला तरी.

"ती म्हणते, एकदा पाद्रीसुद्धा रागावून गेला," इराने सांगितलं आणि आम्ही चौघी हसलो.

मग तिने नव्या चपलेचा तळवा अंगठ्याने दाबून पाहिला. वाकवला. पुन्हा दाबला. एक शब्द बोलली.

"पातळ आहे म्हणतात," इरा म्हणाली.

मी आठच्या आठ जोड परत केले आणि जाड तळव्याचे आणले. चार नव्व्याण्णव. बाबांच्या आत्म्याला काय वाटलं असेल ते असो, ती बाई बरोबर होती. दोन नव्व्याण्णववाला तळवा खरंच पातळ होता. मीच किंमत बघून घेतला होता. दुपारी मिरेई नेहमीच्या वेळेला जिना उतरून आली. तिच्यामागे तिची आई. ती शेवटच्या पायरीवर बसून दोन तास वर्ग बघत होती, एकेकाचे पाय तपासत. कोफीची चप्पल निसटली तर तिने नुसतं बोट दाखवलं. जाताना तिने सही केली.

परीक्षेला आम्ही बाहेर पार्किंगमध्ये थांबलो. दोन तासांनी मिरेई हसत बाहेर आली ती वेगळ्याच गोष्टीला. तिथे बंद बुटांची सक्ती होती, तरी तिने दप्तरात चपला नेल्या होत्या. परीक्षकाने विचारलं, हे काय. तिने इंग्रजीत उत्तर दिलं, "माय मदर." तो म्हणाला, ठीक आहे, टेबलाखाली ठेव. मग त्याने वायर पुढे केल्यावर तिने आधी टेस्टर मागितला. बाकी कुणी मागितला नव्हता म्हणे, आमची सहा सोडून.

सातांपैकी पाच जणांना प्रवेश मिळाला. मिरेईचं नाव दुसरं होतं. कोफी प्रतीक्षायादीत आहे आणि एकाने आपल्याला स्वयंपाकच शिकायचाय असं जाहीर केलं.

बेसमेंटच्या जिन्याखाली आता छोटा रॅक आहे. या चपला बाहेरची माती बघत नाहीत. त्या विजेच्या आहेत. परवा इरा वॉशिंग मशीन लावायला खाली गेली. वरून मी ऐकलं, ती शेवटच्या पायरीवर थांबली, चपला घातल्या, आणि मग बटणाचा आवाज आला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. बावीस-तेवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की माझं घर सांगलीत, राहते ट्रॉयला. ते वाक्य आता मला तितकंसं बरोबर वाटत नाही. जिथे आईचं ऐकल्यासारखं कुणीतरी वागतं, तिथे मी घरीच असते.

आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तू घालतेस का?" घालते. त्या निळ्या नव्हे, त्या पुन्हा खणात ठेवल्या. चार नव्व्याण्णववाल्या, नववा जोड.

मिरेईने आपला जोड सेंटरला नेला, म्हणून रॅकवर एक जागा रिकामी आहे. जूनमध्ये मादाम क्लेमांतीन माझ्या दाराशी आली, बूट काढून आत आली आणि पर्स उघडली. मी नको म्हणाले. इराने तिचं उत्तर सांगितलं: लेक घरातून निघताना चपला आईने घेऊन द्यायच्या असतात. मी हात पुढे केला.

टॅक्स धरून जोड पाच डॉलर एकोणतीस सेंटला पडला होता. दिले गेले ते पाच डॉलर, मादाम क्लेमांतीन यांच्याकडून मला, एका जोडाबद्दल. हजर: इरा. वरचे एकोणतीस सेंट मी सोडले.